‘अवघड’ म्हणजे नेमके किती?

फासे म्हटले की मराठी माणसाला पहिल्यांदा आठवते ती हस्तिनापूरची द्यूतसभा. शकुनीची कपटी दाने, धर्मराजाने एकेक करून पणाला लावलेले सर्वस्व आणि त्यातून उद्भवलेले पुढचे सारे महाभारत. त्यामुळे फाशांचा खुळखुळाट म्हणजे घरात शिरणारी अवदसा, अशी आपली पक्की समजूत असते. सापशिडी चालते, क्वचित माळ्यावरून काढलेला सारीपाटही चालतो. पण वयात येणारी मुले चार-चार तास फासे टाकत बसली, की आईवडिलांच्या कपाळावर आठ्या चढतात.

त्याच महाभारतात, वनपर्वात, फाशांची आणखी एक गोष्ट आहे. ती मात्र आपण मुलांना फारशी सांगत नाही. द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. विदर्भाकडे रथ धावत असताना ऋतुपर्ण वाटेतल्या एका बेहड्याच्या झाडाकडे पाहतो आणि त्याला किती पाने नि किती फळे आहेत ते सांगून टाकतो. नलाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवून फळे मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. हे कसे साधले, असे विचारल्यावर ऋतुपर्णाचे उत्तर असे, की मला फाशांचे मर्म कळते, म्हणून मोजणीही येते. नल ती विद्या त्याच्याकडून घेतो आणि पुढे फाशांनीच गेलेले राज्य फाशांनीच परत मिळवतो. फासा आणि मोजणी ही एकाच विद्येची दोन अंगे आहेत, हे ही कथा रचणाऱ्याला पुरते ठाऊक असले पाहिजे.

मला आज लिहायचे आहे ते या मोजणीबद्दल. निमित्त आहे एका अमेरिकन खेळाचे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पहिली आवृत्ती अवघ्या हजार प्रतींची होती. आज त्याची नि त्याच्या भावंडांची मुळे जगभर पसरली आहेत. रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावरसुद्धा. माझा नातू आणि त्याची चार-पाच मित्रमंडळी खेळायला बसतात आणि मी वर्तमानपत्राची पुरवणी पुढ्यात धरून कान त्यांच्याकडे ठेवतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात पटाची गरज नसते, सोंगट्यांचीही नसते. प्रत्येक मुलाने एकेक सोंग घेतलेले असते: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी कुलूपतोड्या. एक जण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो, “समोर वीस हात उंच भिंत आहे, वर पहारा आहे”, आणि विचारतो, “काय करता?” एखादा म्हणतो, “मी भिंत चढतो.” आता तो चढेल की पडेल? इथे फासा येतो. सूत्रधार मनाशी भिंतीची काठिण्यपातळी ठरवतो, समजा, १५. खेळणारा वीस बाजूंचा फासा टाकतो, पडलेल्या दानात आपल्या कौशल्याचे गुण मिळवतो आणि बेरीज १५ किंवा जास्त झाली तर भिंत सर.

या साध्या व्यवहारात सगळ्यांचे डोळे फाशावर असतात. माझे म्हणणे असे, की डोळे फाशावर नव्हे, त्या १५ वर हवेत. फासा निष्पाप आहे. त्याला ना स्मरण, ना पक्षपात. लागोपाठ तीन वेळा हलके दान पडले म्हणून चौथ्यांदा भारी पडेलच, असे त्याच्यावर बंधन नाही. न्याय किंवा अन्याय होतो तो आकडा ठरवताना, आणि तो ठरवणारा माणूस असतो.

या खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सूत्रधाराच्या सोयीसाठी एक तक्ता दिला आहे. अगदी सोपे काम ५, सोपे १०, मध्यम १५, अवघड २०, फार अवघड २५ आणि जवळजवळ अशक्य ३०. तक्ता वाचायला सरळ आहे. पण जरा हिशेब मांडून पाहा. ज्याच्या गाठीला कसलेच कौशल्य नाही अशा सामान्य माणसाला ‘सोपे’ काम जमण्यासाठी १० किंवा वरचे दान हवे. वीसपैकी अकरा बाजू त्याच्या बाजूने, म्हणजे ५५ टक्के. तेव्हा ‘सोपे’ काम शंभरात पंचेचाळीस वेळा फसते! ‘मध्यम’ काम जमते ३० टक्के आणि ‘अवघड’ ५ टक्के, वीसात एकदा. तक्ता चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. खेळातले नायक सामान्य नसतात, त्यांचे कौशल्य वाढत जाते, हे त्यात गृहीत धरले आहे. पण घाईघाईत “अरे, सोपे आहे, दहा धर” म्हणणाऱ्या सूत्रधाराच्या डोक्यातले ‘सोपे’ आणि फाशावरचे ‘सोपे’ यांची गाठभेट झालेली नसते.

शब्द आणि आकडा यांच्यातली ही फारकत खेळापुरती नाही. माझी बरीचशी नोकरी बँकेच्या कर्जविभागात गेली. अर्जदाराबद्दलच्या टिपणीत एक ठरीव वाक्य असे: ‘परतफेडीची शक्यता चांगली’. एका साहेबांचे ‘चांगली’ म्हणजे दहातले नऊ, दुसऱ्यांचे दहातले सहा. कागदावर शब्द मात्र एकच आणि त्याखाली गोल शिक्काही सारखाच. अमेरिकेच्या गुप्तवार्ता खात्यात शर्मन केंट नावाचे एक विश्लेषक होते. १९५१ मध्ये त्यांच्या कार्यालयाने एका अहवालात लिहिले, की युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे. केंट यांच्या मनात ६५ विरुद्ध ३५ असे प्रमाण होते. मागाहून त्यांनी तो अहवाल तयार करणाऱ्या सहकाऱ्यांना विचारले, तर कोणाच्या मनात ८० टक्के होते आणि कोणाच्या २०! सगळ्यांनी एकमताने मान्य केलेल्या वाक्याचे हे अर्थ. १९६४ मध्ये केंट यांनी यावर एक निबंध लिहिला आणि शब्दांना आकड्यांचा आधार द्यावा, असे सुचवले.

योगायोग असा, की गायगॅक्स हे खेळाच्या धंद्यात पडण्यापूर्वी शिकागोत विमा कंपनीत काम करत. कोणता धोका पत्करायचा आणि कितीला, हे ठरवणे हेच त्यांचे काम. तरीही त्यांच्या सुरुवातीच्या नियमांत आकड्यांनी मोठी गंमत केली आहे. १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये पहिल्या पायरीवरच्या चोराला आवाज न करता चालणे साधते १५ टक्के आणि सावलीत लपणे १० टक्के. वंश आणि चपळाई यांची भर त्यात पडू शकते, पण मूळ आकडे हे. आता सूत्रधाराने दोन्ही चाचण्या मागितल्या, तर दोन्ही जमण्याची शक्यता किती? दीड टक्का. चोरीच न जमणारा चोर!

इथे आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो. एका दानाची शक्यता बहुतेकांना अंदाजाने कळते. दाने एकात एक गुंफली, की भल्याभल्यांची फसगत होते. चार जणांना पहारेकऱ्याच्या नकळत पुढे जायचे आहे आणि प्रत्येकाची शक्यता ७५ टक्के आहे. सूत्रधाराला वाटते, चांगलीच आहे की. पण चौघांनीही यशस्वी व्हायला हवे, असे म्हटले तर ती उरते जेमतेम ३२ टक्के. उलट, एक जड दार आहे, ढकलून उघडण्याची प्रत्येकाची शक्यता फक्त ३० टक्के; पण चौघांनाही पाळीपाळीने प्रयत्न करू दिला, तर कोणा एकाला तरी ते उघडण्याची शक्यता ७६ टक्के होते. आकडा न बदलता अवघड काम सोपे झाले आणि सोपे काम अवघड. याच २०१४ च्या पुस्तकात यावर एक शहाणा तोडगा आहे: सगळ्यांनी मिळून करायच्या कामात निम्म्या लोकांना जमले तरी सगळ्यांना जमले असे धरावे. मग त्या चौघांची शक्यता ३२ वरून थेट ९५ टक्क्यांवर जाते. म्हणजे भिंतीची उंची नव्हे, पहारेकऱ्याची झोपही नव्हे; ‘सगळ्यांना’, ‘निम्म्यांना’ की ‘एकाला तरी’ या एका शब्दाने नशीब ठरले.

बँकेतल्या फायलींचे हेच होई. पाच टेबलांवर पाच सह्या. प्रत्येक टेबलावरून फाईल पुढे सरकण्याची शक्यता ९० टक्के धरली, तरी पाचही टेबले पार करण्याची शक्यता ५९ टक्केच. प्रत्येक अधिकारी प्रामाणिकपणे म्हणणार, “माझ्याकडे सहसा काही अडत नाही.” आणि ते खरेच असणार. तरी दहातले चार अर्जदार परत जाणार. खेळातला सूत्रधार आधी चढायची, मग तोल सांभाळायची, मग आवाज न करण्याची अशी तीन दाने मागतो, तेव्हा तोही नकळत टेबले वाढवत असतो. प्रत्येकी ७० टक्के धरले, तर तिन्ही जमण्याची शक्यता ३४ टक्के.

आता दुसरा प्रश्न: विद्येला किती मोल द्यायचे? आमच्या टेबलावरच्या एका मुलीने कुलूपतोडीचे सोंग घेतले होते. एका पेटीचे कुलूप, पातळी १५. तिच्या गाठीला ५ गुण, म्हणजे शक्यता ५५ टक्के. तिला ते जमले नाही. मग नुसता दांडगा असलेला एक योद्धा पुढे झाला. त्याला कुलपातले काही कळत नव्हते, शक्यता ३० टक्के. त्याचे दान पडले १७ आणि कुलूप उघडले! मुले हसली. ती मुलगी एवढेच म्हणाली, “मग मी शिकले कशाला?” प्रश्न खेळातला असला, तरी थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. हिशेब सांगतो, की ती हरणे आणि तो जिंकणे हे सात वेळांत जवळपास एकदा घडणारच. आणि दोघांची सरळ स्पर्धा लावून ज्याची बेरीज जास्त तो जिंकला म्हटले, तर शंभरात सव्वीस वेळा नवखा जाणत्याला हरवतो. कारण एकाच फाशाच्या वीसही बाजू सारख्याच वजनाच्या. १ पडणे आणि १० पडणे सारखेच संभवनीय. अशा सपाट दैवापुढे पाच गुणांची विद्या तोकडी पडते.

दुसऱ्या काही खेळांनी वेगळी वाट धरली. स्टीव्ह जॅक्सन यांच्या १९८६ च्या ‘गर्प्स’ या खेळात नेहमीचे सहा बाजूंचे तीन फासे एकदम टाकतात आणि बेरीज आपल्या कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा कमी आली की काम फत्ते. तीन फाशांची एकंदर २१६ दाने. त्यांत ३ ही बेरीज एकाच तऱ्हेने येते, १८ ही एकाच तऱ्हेने, पण १० येते २७ तऱ्हांनी. हा हिशेब सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गॅलिलिओने मांडून ठेवला आहे. ९ आणि १० या दोन्ही बेरजा सहा-सहा प्रकारच्या जुळण्यांनी होतात, मग १० जास्त वेळा का पडतो, ही जुगाऱ्यांची शंका होती. त्याने एकेक दान मोजून दाखवले: ९ च्या तऱ्हा २५, १० च्या २७. एवढा बारीक फरक पटावर बसून ओळखणाऱ्या त्या जुगाऱ्यांचेही कौतुकच करायला हवे.

दाने अशी मधोमध दाटली, की विद्येला वजन येते. कौशल्य १४ असेल तर यश जवळपास ९१ टक्के. कौशल्य ९ असेल तर साडेसदतीस. फरक तोच पाचाचा, पण दरी केवढी! मात्र यातही एक मेख आहे. कौशल्य १० वरून ११ वर नेले तर साडेबारा टक्के पदरात पडतात. १५ वरून १६ वर नेले तर तीनसुद्धा नाहीत. मध्यावरच्या माणसाला एक पायरी फार मोठी, शिखराजवळच्याला तीच क्षुल्लक. मदतीचेही असेच. पाचव्या आवृत्तीत अनुकूल परिस्थिती असेल तर दोन फासे टाकून वरचे दान घेता येते. ११ पाहिजे असताना या सवलतीने शक्यता ५० वरून ७५ वर जाते. २० च पाहिजे असताना ५ वरून दहाच्याही आत राहते. ज्याचे पारडे अधांतरी आहे, त्याला दिलेला हात सर्वांत कामी येतो.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: फासा टाकायचाच कशाला? २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत एक सुरेख नियम होता. घाई नाही, डोक्यावर संकट नाही, लक्ष विचलित करणारे काही नाही, अशा वेळी फासा न टाकता दान १० पडले असे सरळ धरावे. आमच्या त्या कुलूपतोडीला हा नियम लावा. १० अधिक ५, पंधरा. शांतपणे बसू दिले तर ते कुलूप ती दर वेळी उघडणार, आणि योद्धा दहावरच अडकणार. तिच्या प्रश्नाला यापेक्षा चांगले उत्तर नाही. विद्या दिसते ती निवांतपणी. संकटात विद्येच्या जोडीला दैवही येऊन बसते. ज्या कामाच्या अपयशाने काही बिघडत नाही किंवा ज्याच्या यशाबद्दल शंकाच नाही, तिथे फासा उचलणे हा माणसाचा आणि फाशाचा, दोघांचाही अपमान आहे.

सूत्रधाराचा हा विवेक आणि फासा यांचे भांडण जुने आहे. प्रशियात १८२४ मध्ये राइसविट्झ या लष्करी अधिकाऱ्याने युद्धाचा एक सराव-खेळ रचला. त्यात तोफा-बंदुकांचा परिणाम फाशांनी आणि तक्त्यांनी ठरे आणि वर एक पंच असे. पुढे तक्त्यांचा बोजा फार झाला, तेव्हा १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने सांगितले, की अनुभवी पंचाने आपल्या बुद्धीने निकाल द्यावा, तक्ते बाजूला ठेवावेत. दोघांचेही खरे आहे. नुसते तक्ते आंधळे असतात आणि नुसत्या पंचाला लाडके-दोडके असतात.

यावर मुलांचा एक आक्षेप मी ऐकला आहे. “आजोबा, आकडा आधीच सांगितला तर उत्सुकता काय उरली?” आक्षेप अगदीच फोल नाही. पेटीत सापळा आहे की नाही, हे कोणाला दिसत नसेल तर तो आकडा झाकलेलाच बरा. पण भिंत समोर उभी आहे, तिची उंची, ओल, शेवाळ चढणाऱ्याला दिसते आहे. तर ती किती अवघड, हे त्याला कळायलाच हवे. झाकलेल्या आकड्याचा धोका असा, की दान पडल्यावर तो हलतो. लाडक्याला १३ पडले की पातळी १२ होती असे निघते, दोडक्याला १३ पडले की १४. मुलांना हे फार लवकर कळते आणि मग त्यांचा फाशावरचाच नव्हे, सूत्रधारावरचा विश्वास उडतो. आधी सांगितलेला आकडा हा एक करार असतो. त्यानंतर हरलेला मुलगा दैवाला चार शब्द बोलेल, पण माणसाला बोलणार नाही. उत्सुकता म्हणाल, तर १४ हवे आहेत हे माहीत असताना टेबलावर गरगरणाऱ्या फाशाकडे पाहणाऱ्या त्या चेहऱ्यांवर मला ती कधी कमी दिसली नाही.

म्हणून आईवडिलांना माझे सांगणे असे, की मुले हा खेळ खेळत असतील तर खुशाल खेळू द्या. त्यात पैसा लागत नाही, आणि संभाव्यतेचे जे गणित शाळेत नाणी उडवून नि पत्ते काढून कसेबसे शिकवले जाते, ते इथे मुले स्वतःहून तोंडी करतात. ९५ टक्के म्हणजे खात्री नव्हे, हे त्यांना हाताने कळते. चाळीस दाने टाकणाऱ्या दुपारी ती पाच टक्क्यांची आपत्ती सरासरी दोनदा येऊन जातेच. आणि जमले तर त्यांना आळीपाळीने सूत्रधार व्हायला लावा. दुसऱ्यासाठी आकडा ठरवण्याची जबाबदारी अंगावर पडली, की ‘सोपे’, ‘अवघड’ हे शब्द तोंडातून सैल सुटत नाहीत.

कारण मोठेपणी आपण सगळेच कोणाचे तरी सूत्रधार होतो. शिक्षक प्रश्नपत्रिका काढतात, साहेब मुदती ठरवतात, वडील “एवढे तर सहज जमायला हवे” म्हणतात. ते ‘सहज’ वीसात किती, हे म्हणण्याआधी एकदा मोजावे, समोरच्याला सांगावे, मगच फासा त्याच्या हाती द्यावा.